नागपूरचे ताजुद्दीन बाबा : सोळा वर्षं पागलखान्यात, तरी दिल शांत

आमच्याकडचा माणूस नागपूरला निघतो तेव्हा बहुतेक वेळा त्याच्याकडे दोन कामं असतात. एक मोठ्या दवाखान्याचं आणि दुसरं ताजबागचं. आम्ही नागऱ्याचे. गोंदियाजवळचं, शंकराच्या पुरातन देवळासाठी ओळखलं जाणारं हे गाव. इथून गोंदिया स्टेशन गाठायचं आणि पुढे रेल्वेनं सुमारे १३० किलोमीटरवर नागपूर. डब्यात बसलेला माणूस हिंदू असो की मुसलमान, उमरेड रोडवरच्या ताजबागचं नाव त्यानं ऐकलेलं असतंच. पण हजरत बाबा ताजुद्दीन (र.अ.) यांच्या आयुष्यातली सोळा वर्षं नागपूरच्या पागलखान्यात गेली, यावर थांबून विचार फार थोडे लोक करतात.

बाबांच्या करामतींचे किस्से घराघरात सांगितले जातात, ते आम्ही इथे सांगणार नाही. दर्ग्यावर जावं की जाऊ नये, यावर आपल्या समाजात दोन मतं आहेत, त्या वादातही आज पडायचं नाही. आज बोलायचंय ते मनाबद्दल. ज्याला जगानं वेडा ठरवलं, त्याच्याजवळ बसून शहाण्यांच्या जिवाला आराम कसा पडत होता, हे समजून घ्यायचं आहे.

कामठीचं यतीम पोर

२७ जानेवारी १८६१ रोजी कामठीत बाबांचा जन्म झाला. कामठी ही नागपूरजवळ कन्हान नदीच्या काठी इंग्रजांनी १८२१ मध्ये वसवलेली लष्करी छावणी. वडील सय्यद बदरुद्दीन फौजेत होते. आईचं नाव मरियम बी. मूल जेमतेम एक वर्षाचं असताना वडील गेले. नऊ वर्षांचं झालं तेव्हा आईचीही सावली उठली. मग नानी आणि मामू अब्दुर रहमान यांनी त्यांना वाढवलं.

कामठीच्या मदरशात त्यांचं शिक्षण सुरू झालं. तिथेच हजरत अब्दुल्लाह शाह या बुजुर्गांची नजर या अबोल पोरावर पडली. बाबांच्या रूहानी वाटचालीची सुरुवात चरित्रकार इथूनच धरतात. इतर पोरं खेळायला धावत आणि हा कुठेतरी एकटा बसून राही. घरात कुणाला त्याचं फार काही वाटलं नाही. आईबाप नसलेलं पोर गप्पच असायचं, असं लोकांनी धरून चाललं असणार.

पुढे कन्हानला मोठा पूर आला आणि घरची परिस्थिती ढासळली. पोटापाण्यासाठी विशीतल्या ताजुद्दीनला फौजेत भरती व्हावं लागलं. पलटणीबरोबर ते मध्य प्रदेशातल्या सागरला गेले. दिवसा परेड आणि रात्री सागरच्या हजरत दाऊद यांच्या मजारीजवळ इबादत, असा त्यांचा नेम सुरू झाला. नातवाच्या रात्री बाहेर जातात हे कळल्यावर नानी काळजीनं कामठीहून सागरला गेल्या, असं सांगतात. नातू वाईट नादाला लागला नाही हे बघून त्यांचा जीव भांड्यात पडला. पण फौजेचं शिस्तीचं जीवन आणि ही ओढ, दोन्ही फार दिवस बरोबर चालणं शक्य नव्हतं. शेवटी त्यांनी नोकरी सोडली.

गावानं दिलेलं नाव

कामठीला परत आलेला माणूस घरच्यांना ओळखू येईना. ना कपड्यांची शुद्ध, ना खाण्यापिण्याची. रस्त्यानं फिरायचं, बोललं तर भलतंच बोलायचं, नाहीतर तासन् तास गप्प. घरच्यांनी हकीम केले, वैद्य केले, फरक पडला नाही. पोरं मागे लागून दगड मारत. बाबा मात्र त्यांच्यावर चिडत नसत, असं कामठीची जुनी माणसं सांगत आली.

सूफी परंपरेत अशा अवस्थेला जज्ब म्हणतात आणि त्या माणसाला मज्जूब. जो पायरी पायरीनं, रोजच्या नमाज-जिक्रातून, उस्तादाच्या देखरेखीखाली चालतो तो सालिक. जो एकदम ओढला जातो, ज्याला स्वतःची खबर राहत नाही, तो मज्जूब. एक गोष्ट ध्यानात ठेवा. बुजुर्गांनी कुणालाही मज्जूब व्हायला सांगितलेलं नाही. ती अवस्था मिळवायची नसते. साध्या माणसाची वाट सालिकचीच आहे. नमाज, हलाल रोजी, घरच्यांचे हक्क, शेजाऱ्यांशी चांगलं वागणं, हे सगळं त्याच वाटेवर येतं.

पागलखाना

२६ ऑगस्ट १८९२ रोजी बाबांना नागपूरच्या पागलखान्यात दाखल केलं गेलं. कामठीतल्या इंग्रजांच्या क्लबाजवळ ते अंगावर कपडे नसताना गेले आणि त्यावरून ही कारवाई झाली, असं सांगितलं जातं. त्या वेळी १८५८ चा कायदा लागू होता. रस्त्यावर भटकणाऱ्या वेड्याला पोलिसांनी पकडायचं, मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं आणि त्याच्या हुकमानं आत टाकायचं, अशी त्यातली तरतूद. उपचारापेक्षा रस्ता मोकळा करण्याकडे सरकारचं जास्त लक्ष होतं.

वय एकतीस. आत गेले ते थेट सत्तेचाळिसाव्या वर्षी बाहेर आले. माणसाच्या उमेदीची सगळी वर्षं त्या भिंतींआड गेली. मात्र झालं उलटंच. लोक त्यांना भेटायला पागलखान्याच्या दारापर्यंत येऊ लागले. कुणी दुखणं घेऊन येई, कुणी घरातलं भांडण, कुणी नुसतंच बसायला. ज्या जागेचं नाव काढलं तरी लोक तोंड फिरवत, तिथे भेटणाऱ्यांची रीघ लागली. बाबा तिथे राहिले ते कुणाला कमी न लेखता. ज्यांना त्यांच्या सख्ख्यांनी टाकलं होतं, तीच आता त्यांची माणसं होती.

राजाचा वाडा आणि वाकीची झाडं

नागपूरचं भोसल्यांचं राज्य इंग्रजांनी १८५४ मध्येच खालसा केलं होतं, तरी त्या घराण्याचा मान शिल्लक होता. त्याच घराण्यातले राजे रघुजीराव भोसले बाबांना मानत. त्यांनी जामीन राहून १९०८ मध्ये बाबांची सुटका करवली आणि शक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यात नेऊन ठेवलं. एका हिंदू राजानं पागलखान्यातल्या मुसलमान फकिराची जबाबदारी स्वतःच्या अंगावर घेतली. विदर्भाच्या इतिहासातली ही गोष्ट आपल्या मुलांना माहीत असायला हवी.

पुढे काही वर्षं बाबा सावनेर तालुक्यातल्या वाकी गावात राहिले. तिथले काशीनाथराव पाटील त्यांचे यजमान. वाकीत बाबांनी मोकळ्या जागेतल्या, झाडांखालच्या ठिकाणांना नावं दिली. एक मदरसा, एक मस्जिद, एक शिफाखाना. आजारी आला की त्याला शिफाखान्याच्या झाडाखाली पाठवत. मनानं खचलेली कितीतरी माणसं तिथे मुक्कामाला राहत. पुण्याचा मेरवान इराणी हा तरुण, जो पुढे मेहेरबाबा म्हणून जगाला माहीत झाला, तोही १९१५ च्या सुमारास बाबांना भेटून गेला.

अखेरची वर्षं पुन्हा शक्करदऱ्याला गेली. १७ ऑगस्ट १९२५, म्हणजे २६ मुहर्रम १३४४ रोजी बाबांचा विसाल झाला. उमरेड रोडला त्यांना दफन केलं गेलं. आजचा मोठा ताजबाग तो हाच. दरवर्षी उरुसाला सगळ्या जातीधर्मांचे लोक तिथे येतात.

चार नावं आणि एक माणूस

बाबांनी पुस्तक लिहिलं नाही, वअज केले नाहीत. त्यामुळे त्यांच्या तोंडी शिकवणुकीची वाक्यं घालण्यापेक्षा त्यांचं आयुष्यच बघितलेलं बरं. जगानं त्यांना चार नावं दिली. आधी यतीम, मग शिपाई, मग पागल आणि शेवटी शहनशाह. पहिल्या नावासोबत कीव आली, तिसऱ्यासोबत दगड आले, चौथ्यासोबत हार. बाबांचं वागणं मात्र फारसं बदललेलं दिसत नाही. पागलखान्यात ते जसे होते, तसेच राजाच्या वाड्यात होते.

हे कसं जमलं? सूफी त्याचं उत्तर तौहीदमध्ये शोधतात. अंदलुसमध्ये ११६५ साली जन्मलेले आणि १२४० मध्ये दमास्कसला वारलेले शेख इब्न अरबी यांच्या विचारातून वहदतुल वुजूद नावाची शिकवण पुढे आली. सोप्या भाषेत सांगायचं तर खरं अस्तित्व एका अल्लाहचं. बाकी सगळं त्याच्या देण्यावर उभं आहे. चंद्राचा उजेड चंद्राचा नसतो, तो सूर्याकडून आलेला असतो. तसंच आपलं असणंही आपल्या मालकीचं नाही. याचा अर्थ बंदा खुदा झाला असा कुणी घेऊ नये. चंद्र काही सूर्य होत नाही. हा घोटाळा होऊ नये म्हणूनच सरहिंदचे शेख अहमद (१५६४-१६२४) यांनी वेगळी मांडणी केली. एकच एक दिसणं ही साधकाच्या बघण्याची अवस्था आहे, बंदा आणि मालिक यांतला फरक कायम राहतो, असं त्यांचं म्हणणं. आपल्या उलेमांत यावर शेकडो वर्षं चर्चा चालली. आपल्या मराठीतही श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात ‘योगसंग्राम’मध्ये मनाशी चाललेली लढाई मांडली.

दोन्ही बाजूंचे बुजुर्ग एका गोष्टीवर मात्र एकमत आहेत. माणसाच्या बेचैनीचं मूळ त्याच्या ‘मी’मध्ये आहे. कुरआनात नफ्सच्या तीन अवस्थांचा उल्लेख येतो. वाईटाकडे ढकलणारा नफ्स-ए-अम्मारा, चूक झाल्यावर स्वतःला बोल लावणारा नफ्स-ए-लव्वामा आणि स्थिरावलेला नफ्स-ए-मुत्मइन्ना. आपण बहुतेक जण पहिल्या दोहोंत ये-जा करत असतो. शेजाऱ्यानं मोठं घर बांधलं की मन खवळतं, लग्नात कुणी सलाम केला नाही की झोप उडते. कारण लोकांनी दिलेली नावं आपण खरी मानून बसलेलो असतो. ती कुणी काढून घेतली की आपण रिकामे. बाबांनी अशा नावांवर काही उभंच केलं नव्हतं, म्हणून जाण्यासारखंही काही उरलं नव्हतं. दिलाचा आराम अल्लाहच्या जिक्रात आहे, हे सूरह रअदमध्ये आपण वाचतो. जिक्र म्हणजे नुसती तसबीह फिरवणं नाही. हे सगळं माझं नाही, दिलेलं आहे, याची आठवण राहणं हाही जिक्रच.

आपल्या घरातला माणूस

आता सगळ्यात गरजेचं बोलू. बाबांचं चरित्र ऐकून काही घरांत एक गैरसमज होतो. मुलगा झोपत नाही, सून एकटीच बडबडते, भाऊ महिनोन् महिने खोलीबाहेर येत नाही, तर कुणी म्हणतं याच्यावर काही सावली आहे आणि कुणी म्हणतं हा पोहोचलेला आहे. दोन्हींमध्ये दवाखाना राहून जातो. मनाचा आजार हा साखर किंवा रक्तदाबासारखाच आजार आहे आणि त्याला औषध आहे. इलाज करून घेणं ही आपल्या नबी (स.) यांचीच शिकवण आहे. दुआ आणि दवा यांत भांडण नाही.

तमिळनाडूतल्या एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी काय झालं, ते विसरून चालणार नाही. दर्ग्याच्या आसऱ्यानं चालणाऱ्या एका खासगी निवाऱ्यात आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले मनोरुग्ण पळू शकले नाहीत. २८ जीव गेले. त्यांनाही कुणीतरी बरं व्हावं म्हणूनच तिथे आणून सोडलं होतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं आता मनोरुग्णाला साखळीनं बांधायला बंदी केली आहे आणि सरकारी उपचाराचा हक्क दिला आहे. नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय सरकारी आहे. आधी फोनवर बोलायचं असेल तर सरकारची टेली मानस ही मोफत सेवा १४४१६ या नंबरवर मिळते.

बाबांवर प्रेम असेल तर त्यांची सोळा वर्षं आठवा. ते ज्यांच्यात राहिले, तसं माणूस आज आपल्या मोहल्ल्यात, कदाचित आपल्याच घरात असेल. त्याला लपवू नका, हसू नका, बांधू नका. पोरं दगड उचलत असतील तर त्यांचा हात धरा. आणि त्याला गोंदियाला किंवा नागपूरला दवाखान्यात न्यायचं असेल तर शेजारधर्म म्हणून एक फेरी त्याच्या घरच्यांसोबत करा. अल्लाह आपल्या दिलांना सुकून देवो आणि ज्यांची मनं आजारी आहेत त्यांना शिफा देवो. आमीन.