कार्डिनल रिशेल्यू : राज्यहित आणि सदसद्विवेक



१६२४ ते १६४२ अशी अठरा वर्षे फ्रान्सचा राजा तेरावा लुई ह्याचा कारभार एका धर्मगुरूच्या हाती होता. ते म्हणजे कार्डिनल रिशेल्यू.

आर्मां जाँ द्यु प्लेसी रिशेल्यू ह्यांचा जन्म १५८५ साली पॅरिस येथे झाला. ते सैन्यात जाणार होते. परंतु लुसाँ धर्मप्रांताचे बिशपपद त्यांच्या घराण्याकडे होते आणि ते न स्वीकारता थोरले बंधू मठवासी झाले. त्यामुळे १६०७ साली, वयाची बावीस वर्षेही पुरी झालेली नसताना, आर्मां बिशप झाले. सोयीसाठी मिळालेले हे पद त्यांनी निष्ठेने सांभाळले. त्या गरीब धर्मप्रांतात राहून त्यांनी ट्रेंट धर्मपरिषदेच्या सुधारणा अमलात आणल्या आणि भाविकांसाठी श्रद्धाशिक्षणाचे पुस्तक लिहिले. १६२२ साली ते कार्डिनल झाले.

मुख्य प्रधान झाल्यावर राजसत्ता बळकट करणे आणि हॅब्सबर्ग घराण्याच्या विळख्यातून फ्रान्सला सोडवणे, ही त्यांची ध्येये होती. १६२७-२८ मध्ये त्यांनी प्रोटेस्टंटांच्या ला रोशेल शहराला वेढा घातला. समुद्रात बांध घालून रसद तोडली. हजारो माणसे भुकेने मेली. मात्र १६२९ च्या अलेसच्या तहात प्रोटेस्टंटांचे किल्ले काढून घेतले, तरी उपासनेचे स्वातंत्र्य कायम ठेवले.

पुढे १६३१ साली ह्याच कार्डिनलांनी कॅथलिक सम्राटाविरुद्ध लढणाऱ्या प्रोटेस्टंट स्वीडनला वर्षाला चार लाख थालर देण्याचा करार केला. १६३५ साली फ्रान्सने कॅथलिक स्पेनशी युद्ध पुकारले. युद्धासाठी कर वाढले, शेतकऱ्यांनी बंड केले, ते चिरडले गेले. लोरेन प्रांतात उपासमार झाली. तेव्हा पॅरिसहून संत व्हिन्सेंट डी पॉल तेथे मदत पाठवत होते. त्यांनी कार्डिनलांकडे शांततेसाठी याचना केली होती, असे सांगितले जाते.

४ डिसेंबर १६४२ रोजी रिशेल्यू मरण पावले. शत्रूंना क्षमा करता का, असे मृत्युशय्येवर विचारले असता, राज्याच्या शत्रूंखेरीज आपल्याला शत्रू नव्हते, असे उत्तर त्यांनी दिल्याचे सांगतात.

ह्या उत्तरापाशी आम्ही थबकतो. रिशेल्यू ढोंगी नव्हते. राज्याची सेवा हीच ईश्वराने सोपवलेली जबाबदारी, असे ते मानत. पण साध्य योग्य असले म्हणून प्रत्येक साधन योग्य ठरत नाही. राज्याच्या नावाने केलेल्या कृत्याचा जाबही शेवटी माणसालाच द्यावा लागतो. ग्रामपंचायतीत, पतपेढीत किंवा पॅरिश कौन्सिलमध्ये संस्थेच्या हितासाठी एखाद्यावर अन्याय करताना आपणही हे विसरतो.

रिशेल्यूंनी घडवलेले राजेशाहीचे राज्य १७८९ च्या क्रांतीत कोसळले. १८३३ साली पॅरिसमध्येच स्थापन झालेली सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी मात्र आजही गरिबांच्या दारी जाते. सत्तास्थानी असलेल्यांना प्रभूने जागृत सदसद्विवेक द्यावा, अशी ह्या रविवारी आपण प्रार्थना करू या.