गामाचा खुराक

पैलवान म्हटला, की मराठी घरांत आजही पहिले नाव निघते ते गामाचे. अंगाने किरकोळ असलेल्या मुलाने दंड फुगवून दाखवले, की घरची मंडळी त्याला हमखास गामा पैलवान म्हणून चिडवीत. या नावापाठोपाठ येतात त्या त्याच्या खुराकाच्या कथा. घागरीने दूध, शेरांनी तूप, ओंजळीने बदाम! या कथा ऐकून कित्येक पिढ्यांतील मुलांना वाटले, की भरपूर खाल्ले म्हणजे आपोआप गामा होता येते. गामाचे चरित्र मात्र काही निराळेच सांगते. त्याच्या ताकदीचा पाया त्या अफाट आकड्यांनी घातला नव्हता. तो घातला गेला त्याच्या कोवळ्या वयात, वडीलधाऱ्यांनी लावलेल्या शिस्तीने.

गामाचे खरे नाव गुलाम मुहम्मद. मूळच्या काश्मिरी, पण पंजाबात स्थायिक झालेल्या पैलवानांच्या घराण्यात १८७८ च्या सुमारास त्याचा जन्म झाला. वडील अजीज बक्ष हे दतिया संस्थानच्या आश्रयाला असलेले नामांकित मल्ल. मुलाला तांबड्या मातीचा लळा लागण्याआधीच त्यांचे निधन झाले आणि गामा व त्याचा धाकटा भाऊ इमाम बक्ष पोरके झाले. आधी आजोबा नून पैलवान यांनी आणि त्यांच्यामागे मामा इदा पैलवान यांनी या मुलांना सांभाळले. अजीज बक्षचा मुलगा पैलवान झाला पाहिजे, हा या दोघांचा ध्यास होता. बापाविना वाढणाऱ्या मुलाच्या ताटात काय पडते, हा प्रश्न गरीब घरात फार मोठा असतो. गामाच्या बाबतीत तो मामाने स्वतःच्या अंगावर घेतला.

१८८८ मध्ये जोधपूरच्या महाराजांनी देशभरच्या मल्लांसाठी व्यायामाची एक स्पर्धा भरविली. बैठका मारायच्या आणि शेवटपर्यंत टिकायचे, असे तिचे स्वरूप होते. चारशेहून अधिक पैलवान उतरले होते. त्यांत जेमतेम दहा वर्षांचा गामाही होता. एकेक धिप्पाड मल्ल दमून बाजूला होऊ लागला, पण हे पोर काही थांबेना. अखेरच्या पंधरांत तो टिकून राहिला आणि त्याचे वय ध्यानात घेऊन महाराजांनी त्यालाच विजयी ठरविले. या पराक्रमाची दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही. स्पर्धेनंतर कित्येक दिवस हा मुलगा अंथरुणाला खिळून होता. कोवळ्या शरीराची जिद्द मोठी असते, पण त्याची शिल्लक मर्यादित असते, हे त्या अंथरुणाने दाखवून दिले.

जोधपूरच्या विजयाने दतियाच्या महाराजांचे लक्ष या मुलाकडे गेले. त्यांनी त्याला आश्रय दिला आणि त्याच्या खुराकाची चिंता मिटली. एवढा नावलौकिक झालेल्या मुलाला लगेच दंगलींत उतरवून बिदागी मिळवण्याचा मोह कोणालाही झाला असता. इदा पैलवानाने तो आवरला. गामाचे पहिले काम होते वाढणे. रोजचे दंड आणि बैठका, हौद्यातील माती खणणे, मालीश आणि भरपूर झोप असा त्याचा दिनक्रम ठरला. आहाराचा पाया दूध, बदाम आणि फळांचा रस यांवर रचला गेला. पंधराव्या वर्षाच्या सुमारास मेहनतीचे प्रमाण वाढले, तसा खुराक जड होत गेला. यखनी, मांस, लोणी, तूप यांचे प्रमाण व्यायामाच्या मागोमाग वाढले. आधी मेहनत आणि मग तिला पुरेल एवढा खुराक, हा आखाड्याचा जुना हिशेब येथे काटेकोरपणे पाळला गेला.

या हिशेबाला आजचे आहारशास्त्रही मोठा दुजोरा देते. किशोरवयात शरीराला दुहेरी खर्च असतो. एक वाढीचा आणि दुसरा खेळाचा. खाणे कमी पडले, तर शरीर वाढीच्या वाट्याचे खेळाकडे वळवते. मग उंची, हाडे आणि मुलींच्या बाबतीत मासिक पाळी या सर्वांवर त्याचा परिणाम होतो. आयुष्यभर पुरणाऱ्या हाडांच्या मजबुतीचा मोठा भाग याच वर्षांत तयार होतो. दुधातून प्रथिने आणि कॅल्शियम मिळते. बदामातून स्निग्धांश, प्रथिने आणि ई जीवनसत्त्व मिळते. रात्री भिजवलेले बदाम सकाळी सोलून, कुंडीत घोटून दुधात मिसळायचे, ही आखाड्यातील थंडाई म्हणजे मेहनतीनंतर घाम गाळलेल्या शरीराला पाणी, साखर आणि प्रथिने एकाच पेल्यातून देण्याची युक्ती होती. व्यायामानंतर वेळेवर खाणे आणि त्यानंतर विश्रांती घेणे, हा नियम त्या मुलांना पुस्तकातून शिकावा लागला नाही.

सतराव्या-अठराव्या वर्षी गामाची गाठ रहीम बक्ष सुलतानीवालाशी पडली. रहीम बक्ष सुमारे सात फूट उंचीचा आणि हिंदुस्थानातील अव्वल मल्ल. गामाची उंची साडेपाच फुटांच्या थोडी वर. दोघे उभे राहिले तेव्हा हा सामना म्हणजे पोरखेळ आहे असे प्रेक्षकांना वाटले. पण कुस्ती लांबत गेली आणि बरोबरीत सुटली. त्या दिवसापासून गामाचे नाव देशभर झाले. पुढे त्याने नामांकित मल्ल एकामागून एक चीत केले. बडोद्याच्या वस्तुसंग्रहालयात एक प्रचंड शिळा जतन केलेली आहे. ती १९०२ मध्ये गामाने उचलल्याची नोंद तिच्यावर कोरलेली आहे.

१९१० मध्ये शरत्कुमार मित्र या बंगाली धनिकाच्या मदतीने गामा आणि इमाम बक्ष लंडनला गेले. तेथील आयोजकांना हा बुटका हिंदी मल्ल दखल घेण्यासारखा वाटला नाही. तेव्हा गामाने जाहीर आव्हान दिले. अमेरिकेचा डॉक्टर मल्ल बेंजामिन रोलर त्याच्यापुढे आला आणि काही मिनिटांतच दोनदा पाठीवर पडला. १० सप्टेंबर रोजी पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को समोर उभा राहिला. तो गामापेक्षा कितीतरी वजनदार होता. पहिल्या मिनिटातच तो खाली गेला आणि अडीच तासांहून अधिक काळ गादीला चिकटून राहिला. कुस्ती अनिर्णित राहिली. पुढच्या शनिवारी पुन्हा सामना ठरला, पण झिबिस्को फिरकलाच नाही आणि जॉन बुल पट्टा गामाकडे आला. मायदेशी परतल्यावर अलाहाबादेत त्याने रहीम बक्षलाही नमवले.

झिबिस्कोचा हिशेब मात्र बाकी होता. तो १९२८ च्या जानेवारीत पतियाळा येथे पुरा झाला. गामा तेव्हा पन्नाशीच्या उंबरठ्यावर होता. हजारोंच्या गर्दीसमोर त्याने मिनिटभराच्या आत प्रतिस्पर्ध्याला चीत केले. पन्नाशीतही हे बळ टिकून राहिले, त्यामागे कोवळ्या वयात न केलेली घाई होती.

या साऱ्या वैभवाला एक आधार होता, तो राजाश्रयाचा. दतिया आणि पुढे पतियाळा या संस्थानांनी गामाचा खुराक चालवला. आपल्याकडे कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी हेच केले. गावोगावची गुणी पोरे हेरून त्यांना तालमीत ठेवले, त्यांच्या दूध-तुपाची सोय केली आणि १९१२ मध्ये खासबागेचे मैदान उभे केले. शेतकऱ्याचा मुलगा पैलवान होऊ शकला, तो या खुराकामुळे. घरची भाकरी त्याला कामापुरती पुरत असे, पण आखाड्याची मेहनत पेलायला ती पुरेशी नव्हती.

१९४७ मध्ये देशाची फाळणी झाली, पाठोपाठ संस्थाने गेली आणि गामाच्या आयुष्याचा आधारच निखळला. तो लाहोरला राहिला. दंगलींच्या दिवसांत आपल्या मोहल्ल्यातील हिंदू कुटुंबांना त्याने संरक्षण दिले आणि त्यांना सुखरूप सीमेकडे पोचवले, ही आठवण दोन्ही देशांत आजही सांगितली जाते. पण नव्या व्यवस्थेत पैलवानाला पोसणारा दरबार उरला नव्हता. वय झाले, दमा आणि हृदयविकार मागे लागले आणि हिंदुस्थानचा हा अजिंक्य मल्ल औषधपाण्याला महाग झाला. त्याच्या हलाखीची बातमी कळल्यावर भारतातून उद्योगपती घनश्यामदास बिर्ला यांनी आर्थिक मदत पाठवली. २३ मे १९६० रोजी लाहोर येथे गामाचे निधन झाले.

गामाच्या प्रौढपणीच्या खुराकाचे आकडे आज शाळकरी खेळाडूने गिरवू नयेत. ते दिवसाला हजारो दंड-बैठका मारणाऱ्या माणसाचे आकडे होते आणि दंतकथेने त्यांत आपली भर घातलेली आहे. शिकायचे तर दहा ते पंधरा या वयातील गामाकडून शिकावे. ज्वारी-बाजरीची भाकरी, उसळ, दूध-दही, अंडी किंवा मासे, शेंगदाणे, फळे आणि पुरेसे पाणी एवढ्यावर आजच्या बहुतेक किशोर खेळाडूंचे भागते. महागड्या पावडरींच्या डब्यांची त्यांना सहसा गरज नसते. वजनी गटात बसण्यासाठी उपाशी राहणे तर वाढत्या वयात सरळ अपायच.

जोधपूरच्या मैदानावर जिंकलेला मुलगा अंथरुणावर पडला, तेव्हा मामाने त्याला पुढच्या दंगलीला पाठवले नाही. त्याने त्याच्यासाठी बदाम घोटले. आजचे पालक आणि प्रशिक्षक यांच्या हाती आहे ते एवढेच, आणि गामा घडला तो एवढ्यानेच.