डॉ. कमला सोहोनी

दुर्गाबाई भागवतांची ओळख कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना करून देण्याची गरज नाही. परंतु त्यांची धाकटी बहीण थोर जीवरसायनशास्त्रज्ञ होती, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

कमलाबाईंचा जन्म १९११ साली झाला. वडील व चुलते दोघेही बंगलोरच्या टाटा विज्ञान संस्थेत शिकलेले. मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. होऊन १९३३ साली कमलाबाईंनी त्याच संस्थेकडे अर्ज केला. संचालक सर सी. व्ही. रामन यांनी केवळ मुलगी म्हणून तो नाकारला. कमलाबाई थेट बंगलोरला गेल्या आणि हटून बसल्या. वर्षभर काम पाहून मगच प्रवेश पक्का करू, या अटीवर रामन यांनी त्यांना घेतले. ती अपमानास्पद अट त्यांनी सोसली, आणि वर्षाअखेर रामन यांनाच आपले मत बदलावे लागले. पुढे इतर मुलींनाही त्या संस्थेचे दार उघडले. १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. मिळवून कमलाबाई मायदेशी परतल्या. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या सुरुवातीच्या मोजक्या भारतीय महिलांपैकी त्या एक होत.

विवाहानंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी गरिबांच्या अन्नावर संशोधन केले. नीरा, डाळी, कडधान्ये हे त्यांचे विषय. भातकापणीनंतर आपल्या खालापूर-कर्जतच्या शेतांत वाल पेरतात. त्या वालाच्या जातीच्या दाण्यातून कमलाबाई व अंबे यांनी एक प्रथिन स्फटिकरूपात वेगळे केले, आणि १९५५ साली ते संशोधन ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या आतड्यात ट्रिप्सिन नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, प्रथिनांचे तुकडे करते. वालातले हे प्रथिन त्यालाच घट्ट चिकटते व त्याचे काम थांबवते. म्हणून कच्चे कडधान्य पचत नाही. शिजवल्यावर हा अडसर बराचसा दूर होतो. अशा जोड्या जीवसृष्टीत सर्वत्र आहेत. आर.एन.ए. तोडणाऱ्या रायबोन्यूक्लिएज या विकरालाही आपल्या पेशींतले एक प्रथिन असेच जखडून ठेवते; एरवी पेशीचा आर.एन.ए. सुरक्षित राहता ना.

निवृत्तीनंतरही कमलाबाई स्वस्थ बसल्या नाहीत. ग्राहकांना भेसळ ओळखायला शिकवण्याचे काम त्यांनी केले. १९९८ साली त्यांचे निधन झाले.

घरातल्या बिरड्यामागे एवढे शास्त्र आहे, आणि ते उलगडणारी स्त्री एकदा दारातूनच परत पाठवली जात होती. आपल्या महाविद्यालयातील मुलींनी हे चरित्र अवश्य ध्यानात ठेवावे, मुलांनीही ठेवावे.