सुभेदार रामजी सकपाळ

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत चरित्रलेख म्हटला की जिजाऊ, अहिल्याबाई, सावित्रीबाई यांच्यापैकी कोणाचा तरी असावा, अशी वाचक भगिनींची अपेक्षा असते, व ती योग्यच आहे. तरीही यंदा मी एका फौजी गृहस्थाचे चरित्र लिहावयास घेतले आहे. आपल्या पेठेत सेनापती धनाजी जाधवांची समाधी आहे आणि पंचक्रोशीतील कितीतरी घरांनी लष्करात माणसे धाडली आहेत. तेव्हा फौजी माणूस आपणांस परका नाही. परंतु ज्या सुभेदाराविषयी मी लिहीत आहे, त्याचे मोठेपण रणांगणावर नव्हे, तर शाळेत आणि घरात दिसून आले. हे सुभेदार म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील, रामजी मालोजी सकपाळ.

सकपाळ घराणे रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले, आंबडवे गावचे. रामजींचे वडील मालोजी हेही लष्करातच होते. महार समाजातील माणसाला गावात पाणवठा मोकळा नव्हता आणि शाळेचा उंबरठाही बंद होता. पलटणीत मात्र त्याला गणवेश मिळे, पगार मिळे आणि अक्षरओळखही होई. शिपायांना व त्यांच्या मुलांना, एवढेच नव्हे तर मुलींनाही, शिकविण्याची सक्तीची सोय त्या काळच्या लष्करात होती, हे पुढे बाबासाहेबांनीच आवर्जून नमूद करून ठेवले आहे. गावाने जे नाकारले ते छावणीने दिले, असा हा प्रकार होता.

रामजींनी या संधीचे सोने केले. पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये त्यांनी शिक्षकाचे शिक्षण घेतले. पुढे ते लष्करी शाळेत शिक्षक झाले आणि मुख्याध्यापकाच्या जागेवर त्यांनी सुमारे चौदा वर्षे काम केले. हुद्द्याने ते सुभेदार झाले. त्या काळी शिपाई, नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार आणि शेवटी सुभेदार-मेजर अशी ही शिडी होती. पायदळातील हिंदी माणसाला याच्या वर पायरीच नव्हती. कितीही नोकरी केली तरी कालपरवा विलायतेहून आलेल्या कोवळ्या गोऱ्या अधिकाऱ्याला सलाम ठोकावाच लागे. त्यातल्या जमादार या हुद्द्याला १९६५ पासून नायब सुभेदार म्हणतात. सुभेदार हे नाव मात्र आजही कायम आहे.

रामजींची पत्नी भीमाबाई ठाणे जिल्ह्यातील मुरबाडच्या. त्यांचे वडील सुभेदार-मेजर, आणि चुलतेही त्याच हुद्द्यावरचे. अशा भरल्या घरातील मुलीने साध्या शिपायाचा संसार पत्करला. त्यांना चौदा अपत्ये झाली. बरीचशी लहानपणीच गेली. चौदावे अपत्य भीमराव. १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत त्यांचा जन्म झाला.

पुढच्याच वर्षी, १८९२ साली, सरकारने महारांची लष्करातील भरती बंद केली. ज्या दाराने तीन पिढ्या माणसे आत गेली आणि शिकून बाहेर आली, ते दार एका हुकुमाने लागले. कारण काय, तर हे लोक म्हणे लढाऊ जातीचे नव्हेत! कोरेगाव भीमाच्या स्तंभावर ज्यांच्या पूर्वजांची नावे कोरलेली आहेत, त्यांना हे ऐकावे लागले. रामजी स्वतः निवृत्तीच्या उंबरठ्यावर होते. त्यांचे व्यक्तिशः काही बिघडणार नव्हते. तरीही ते स्वस्थ बसले नाहीत. महात्मा फुले यांच्या विचारांचे ते चाहते होते. भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून न्यायमूर्ती रानडे यांच्या साहाय्याने त्यांनी सरकारकडे अर्ज करण्याची खटपट केली, असे चरित्रकार सांगतात. तिला यश आले नाही.

माझ्या मते रामजींचे खरे चरित्र येथून सुरू होते. पलटणीचे दार बंद झाले. आता मुलांना पुढे जावयाचे तर शिक्षणाखेरीज दुसरी वाट नाही, हे त्यांनी ओळखले.

निवृत्त झाल्यावर पन्नास रुपये पेन्शन घेऊन ते प्रथम दापोलीस राहिले आणि मग सातारच्या छावणीत बांधकाम खात्यात स्टोअरकीपर म्हणून लागले. सातारा येथेच १८९६ मध्ये भीमाबाई वारल्या. भीमराव तेव्हा अवघे पाच वर्षांचे. घर सांभाळले ते रामजींच्या भगिनी मीराबाई यांनी. त्या पाठीने अधू होत्या; पण आईवेगळ्या पोरांना त्यांनी पोटाशी धरले. मोठ्या माणसांच्या चरित्रात अशा आत्याबाईंना एखाददुसरी ओळ मिळते. प्रत्यक्षात तीच ओळ सारे घर तोलून धरीत असते, हे आपणा बायकांना सांगावयास नको.

सुभेदार कबीरपंथी होते. मद्यमांस वर्ज्य. रोज संध्याकाळी मुलांना घेऊन अभंग, दोहे म्हणावयाचे, रामायण-महाभारत वाचावयाचे, असा घरचा नेम होता, आणि त्यातून कोणाची सुटका नसे. मराठी व गणित ते स्वतः घेत. इंग्रजीसाठी हॉवर्डची पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतरमाला त्यांनी मुलाकडून घोटवून घेतली. कवायतीची शिस्त त्यांनी अशी अभ्यासात आणली. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचे नाव सातारच्या सरकारी हायस्कुलात दाखल झाले.

पण बापाची शिस्त घराबाहेर मुलाला किती पुरणार? १९०१ च्या सुमारास रामजी खटाव तालुक्यात दुष्काळी कामावरील तलावाकडे खजिनदार होते. मुले त्यांना भेटण्यास आगगाडीने निघाली व मसूर स्टेशनावर उतरली. मुलांनी आधी पाठविलेले पत्र नोकराच्या विसराळूपणामुळे सुभेदारांना मिळालेच नव्हते. जात कळताच बैलगाडी मिळेना. अखेर दुप्पट भाड्याने मिळाली, तीही मुलांनी स्वतः हाकावी या बोलीवर. सबंध रात्र त्या पोरांना प्यावयास पाणी कोणी दिले नाही. सुभेदाराची, इस्त्रीचे कपडे घातलेली, शाळेत जाणारी मुले ती! बाबासाहेबांनी हा प्रसंग पुढे सविस्तर लिहिला आहे. तो वाचताना माझ्या डोळ्यांपुढे मात्र पत्र न मिळालेला बाप उभा राहतो.

रामजी देवमाणूस होते असे मी म्हणणार नाही. त्यांनी दुसरे लग्न केले. आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर पाहून भीमराव फार दुखावले आणि बापलेकांत काही काळ अंतर पडले. पण दुरावा असला तरी मुलाच्या शिक्षणात त्यांनी खंड पडू दिला नाही.

१९०४ मध्ये सारे कुटुंब मुंबईस, परळ भागातील चाळीत राहावयास आले. एकच खोली, तीत जाते, सरपण, भांडीकुंडी आणि माणसे. सुभेदारांनी तोड काढली. मुलाला लवकर निजवावयाचे, आपण जागत बसावयाचे आणि रात्री दोनच्या सुमारास मुलाला उठवून अभ्यासास बसवून मग आपण त्याच जागेवर अंग टाकावयाचे. पहाऱ्यावरचा शिपाई बदली करतो तशीच ही बदली होती.

मुलाला पुस्तकांचे वेड फार. पेन्शन तुटपुंजी. पुस्तक हवे झाले की सुभेदार धाकट्या लेकीच्या घरी जाऊन उसने पैसे मागत. तिच्याकडे नसले तर थोरलीकडे जात. लग्नात आपणच घातलेला एखादा दागिना तिच्याकडून मागून आणीत, सावकाराकडे गहाण ठेवीत आणि पेन्शन हाती पडताच सोडवून तिला परत नेऊन देत. भगिनींनो, गहाणाचा दागिना आपणांपैकी किती जणींच्या ओळखीचा आहे! मंजुळा आणि तुळसा या दोघी लेकींची नावे बहुतेक चरित्रांत एवढ्यापुरतीच येतात. बाबासाहेबांच्या ग्रंथसंग्रहाची थोरवी आपण गातो. त्याच्या पायाशी या लेकींच्या अंगावरचे सोने आहे, हे विसरता कामा नये.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीमुळे बी.ए.ही झाले आणि जानेवारी १९१३ मध्ये बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. परतताना सुरतेला वडिलांसाठी मिठाई घेण्यास ते उतरले आणि गाडी चुकली. घरी पोचले तेव्हा सुभेदारांचा जीव जणू त्यांच्यासाठीच अडकला होता. मुलाच्या पाठीवरून हात फिरला आणि २ फेब्रुवारी १९१३ रोजी त्यांनी डोळे मिटले. मुलगा त्याच वर्षी अमेरिकेस गेला. ते पाहण्याचे त्यांच्या नशिबी नव्हते.

मार्च १९२० मध्ये आपल्याच हातकणंगले तालुक्यातील माणगावी परिषद भरली. शाहू महाराजांनी जमलेल्या लोकांना, तुम्हांला तुमचा पुढारी सापडला आहे, अशा अर्थाची ग्वाही दिली. मांडवात सुभेदार असावयास हवे होते, असे मला राहून राहून वाटते. १९२३ साली प्रसिद्ध झालेला रुपयाच्या प्रश्नावरील आपला ग्रंथ बाबासाहेबांनी आईवडिलांच्या स्मृतीस कृतज्ञतापूर्वक अर्पण केला. आणि १८९२ साली लागलेले दार? पहिल्या महायुद्धात ते थोडे किलकिले झाले व पुन्हा मिटले. अखेर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावास महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. त्यासाठी आग्रह धरणाऱ्यांत सुभेदारांचा हा मुलगा अग्रभागी होता.

लष्करातील शिडी रामजींसाठी सुभेदारीपाशी संपली. त्यांनी ती तेथून उचलली आणि मुलाच्या पायांखाली दिली. धरून ठेवावयास मीराबाई, मंजुळा व तुळसा होत्या. आपल्या घरातील मुलासाठी आपण हे करतोच. यंदाच्या वर्षी प्रत्येकीने मुलीच्या पुस्तकासाठीही एवढीच धावपळ करावी, हीच या सुभेदारांना खरी आदरांजली ठरेल.