पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई सरस्वती (जन्म : गंगामूळ, २३ एप्रिल १८५८; मृत्यू : केडगाव, ५ एप्रिल १९२२) या संस्कृत विदुषी, लेखिका, समाजसुधारक आणि बायबलच्या मराठी भाषांतरकार होत्या. विधवा व निराधार स्त्रियांसाठी काढलेल्या शारदा सदन आणि मुक्ती सदन या संस्थांमुळे त्यांचे नाव सर्वपरिचित आहे. त्यांच्या ख्रिस्ती धर्मस्वीकाराविषयी त्यांच्या हयातीत आणि नंतरही पुष्कळ वाद झाला. त्या वादात एक गोष्ट बहुधा मागे पडते : आई, वडील, बहीण, भाऊ, पती आणि अखेरीस एकुलती एक कन्या असे सारे कुटुंब त्यांच्या डोळ्यांदेखत गेले आणि या श्रद्धेच्या आधारावरच त्यांनी आयुष्याचा उत्तरार्ध पेलला.

== बालपण आणि दुष्काळ ==
रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण विद्वान होते. पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकवल्याबद्दल त्यांना सनातन्यांचा रोष पत्करावा लागला. रमाबाई आईकडून संस्कृत शिकल्या. आर्थिक ओढाताण सुरू झाल्यावर हे कुटुंब तीर्थयात्रा आणि पुराणकथन करीत देशभर भटकले. १८७४च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ असताना उपासमारीने आधी वडील आणि काही आठवड्यांतच आई मरण पावली. आईची तिरडी उचलण्यास पुरेसे ब्राह्मण मिळाले नाहीत, म्हणून चौथा खांदा रमाबाईंनी दिला. उंची कमी असल्यामुळे त्यांना तो भार डोक्यावर घ्यावा लागला. पुढे थोरली बहीणही गेली.

उरलेली दोघे भावंडे, श्रीनिवास आणि रमाबाई, पायी उत्तरेकडे गेली. झेलम नदीकाठी थंडीपासून बचाव करण्यासाठी वाळूत खड्डे खणून त्यांत त्यांनी रात्री काढल्या. देवतांची एवढी आराधना करूनही कोणी धावून आले नाही, या अनुभवाने त्यांची परंपरागत श्रद्धा ढासळली. पुढच्या प्रवासाचे मूळ येथे शोधावे लागते. मिशनऱ्यांशी भेट झाली ती नंतर.

== कलकत्ता, विवाह आणि वैधव्य ==
१८७८ मध्ये कलकत्त्यातील विद्वानांनी परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये श्रीनिवास वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने आंतरजातीय विवाह केला. सिल्चर येथे असताना लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत त्यांच्या हाती आली. त्या ख्रिस्ती धर्माकडे झुकू लागल्या. पतीला मात्र हे रुचले नाही. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म झाला आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने बिपिनबिहारींचे निधन झाले. तेविसाव्या वर्षी रमाबाई तान्ह्या मुलीसह एकट्या राहिल्या.

त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला आणि ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले.

== इंग्लंड व बाप्तिस्मा ==
वैद्यकीय शिक्षणाच्या हेतूने १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वॉन्टेज येथील अँग्लिकन भगिनीसंघाकडे राहिल्या. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तेथे काही महिन्यांतच आत्महत्या केली. परदेशात बसलेला हा धक्का जबर होता. बहिरेपणामुळे डॉक्टर होण्याचा बेतही सोडावा लागला. फुलहॅम येथे भगिनीसंघाने चालवलेले ‘पतित’ मानल्या गेलेल्या स्त्रियांचे आश्रयस्थान त्यांनी पाहिले. समाजाने टाकलेल्या स्त्रीला एवढ्या मायेने वागवणारा धर्म त्यांना विचारात पाडून गेला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

त्यांची श्रद्धा आज्ञाधारक मात्र नव्हती. त्रैक्याच्या सिद्धान्तावर आणि चर्चच्या अधिकारावर सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचे दीर्घ पत्रयुद्ध झाले. क्रॉसवर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नकोत, असा त्यांचा प्रश्न होता. शाकाहारही त्यांनी सोडला नाही.

== शारदा सदन आणि आंतरिक संघर्ष ==
१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या. तेथे त्यांनी निधी व पाठिंबा उभा केला आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केले. पुढील वर्षी ते पुण्यात आले. धर्माच्या बाबतीत संस्था तटस्थ राहील, असे आश्वासन होते. मुली त्यांच्या प्रार्थनेत बसू लागल्यावर पुण्यात गदारोळ उठला. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर आदी सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी मुली परत नेल्या. ज्यांच्या मताची त्यांना किंमत होती तेच दुरावले.

याच सुमारास, बाप्तिस्म्याला आठ वर्षे होऊनही, आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला पण ख्रिस्त आपल्याला गवसला नाही, या जाणिवेने त्या अस्वस्थ होत्या. विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन वाचून त्यांना वाट दिसली. स्वतःच्या पुण्याईवर विसंबणे सोडून केवळ कृपेवर भार टाकावा, असे त्यांना उमगले. १९०७च्या आत्मनिवेदनात त्यांनी हा टप्पा बाप्तिस्म्याहूनही महत्त्वाचा मानलेला दिसतो.

== मुक्ती सदन ==
१८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातील मुलींची अवस्था पाहून त्यांना स्वतःचे बालपण आठवले. त्यांनी सुमारे ३०० मुलींना आणले. पुण्यात प्लेगचे निर्बंध आल्यामुळे त्यांना दौंड तालुक्यातील केडगावच्या शेतजमिनीवर तंबूंत व छपरांखाली ठेवावे लागले. १८९८ मध्ये तेथे मुक्ती सदनाचे समर्पण झाले. गुजरातच्या दुष्काळानंतर १९०० च्या सुमारास रहिवाशांची संख्या दीड हजारांच्या पुढे गेली. शेती, विणकाम, दुग्धव्यवसाय आणि छापखाना ही कामे स्त्रियाच करीत. अमेरिकन मंडळाच्या मदतीची दहा वर्षांची मुदत संपल्यावर रमाबाईंनी प्रार्थनेच्या भरवशावर आणि येईल त्या देणगीवर हा पसारा चालवला. व्यवहाराच्या दृष्टीने हे धाडस होते; पण हिशेब आणि मेहनत यांत त्या कधी ढिल्या पडल्या नाहीत.

== बायबलचे भाषांतर व अखेर ==
उपलब्ध मराठी बायबलची भाषा खेड्यातील अशिक्षित स्त्रियांना कळत नाही, असे त्यांचे मत होते. म्हणून हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी मुळातून सोप्या मराठीत भाषांतर करण्यास घेतले. हे काम अनेक वर्षे चालले. बहिरेपण वाढत होते, प्रकृती ढासळत होती. १९१९ मध्ये त्यांना कैसर-ए-हिंद पदक मिळाले. संस्थेची धुरा जिच्यावर सोपवायची, ती मनोरमा २४ जुलै १९२१ रोजी मिरज येथे चाळिसाव्या वर्षी मरण पावली. या आघातानंतरही रमाबाई मुद्रिते तपासत राहिल्या. सुमारे साडेआठ महिन्यांनंतर, भाषांतराचे काम हातावेगळे होताच, केडगाव येथे त्यांचे निधन झाले. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये मुक्ती सदनाच्याच छापखान्यातून प्रसिद्ध झाले.