विश्लेषण : बटाट्यातले प्रथिन, पेशीतले कॅल्शियम आणि कमला सोहोनी

हृदयविकाराचा झटका येतो, तुंबलेली रक्तवाहिनी डॉक्टर वेळेत मोकळी करतात, रक्त पुन्हा वाहू लागते. तरीही हृदयाच्या काही पेशी त्यानंतर मरतात. असे का होते, याच्या उत्तराचा मोठा भाग पेशीतील मायटोकाँड्रियामध्ये आणि तिथे साचणाऱ्या कॅल्शियममध्ये आहे. या गोष्टीतले एक मुख्य पात्र म्हणजे सायटोक्रोम सी नावाचे छोटेसे प्रथिन. वनस्पतींमध्ये या प्रथिनाचे काम शोधणाऱ्यांत एक मराठी नाव आहे, कमला सोहोनी. माहेरचे आडनाव भागवत. लेखिका दुर्गा भागवत यांच्या त्या धाकट्या भगिनी.

प्रवेश का नाकारला गेला?

कमलाबाईंचा जन्म १९११ चा, इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळूरुच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या आयआयएस्सीत शिकलेले. त्यामुळे १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बीएस्सीत पहिल्या आल्यावर आपणही तिथेच जायचे, हे त्यांनी गृहीत धरले होते. संस्थेचे संचालक होते नोबेल विजेते सी. व्ही. रामन. त्यांनी अर्ज फेटाळला. गुणांचा प्रश्नच नव्हता, अर्जदार मुलगी होती एवढेच.

कमलाबाई थेट बंगळूरुला गेल्या आणि हटून बसल्या. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष परीविक्षेचे, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीसुद्धा काम करायचे आणि प्रयोगशाळेतल्या मुलांचे लक्ष विचलित होऊ द्यायचे नाही. आज वाघोलीतल्या एखाद्या महाविद्यालयात बीएस्सीला प्रवेश घेणाऱ्या मुलीला असे सांगायचे कुणाच्या मनातही येणार नाही. रामन यांचे मोठेपण मान्य करूनही या अटी अपमानास्पद होत्या, असेच म्हणावे लागते. कमलाबाईंनाही तो अपमान वाटला आणि तो त्या विसरल्या नाहीत. मात्र एम. श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली दूध आणि डाळींतील प्रथिनांवर त्यांनी केलेले काम पाहून रामन यांचे मत बदलले. त्यानंतर संस्थेचे दार इतर मुलींनाही उघडले.

केंब्रिजमध्ये काय सापडले?

पुढे त्या केंब्रिजला न्यूनहॅम कॉलेजात दाखल झाल्या. नोबेल विजेते फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत डेरेक रिक्टर आणि नंतर रॉबिन हिल यांच्यासोबत काम केले. त्याआधी, १९२५ मध्ये, केंब्रिजच्याच डेव्हिड किलिन यांनी सायटोक्रोम हे श्वसनाचे रंगद्रव्य वर्णन केले होते. बटाट्यावर काम करताना कमलाबाईंना वनस्पतीच्या पेशीतही सायटोक्रोम सी आणि त्याची साखळी श्वसनाचे काम करताना आढळली. हिल यांच्यासोबतचा शोधनिबंध १९३९ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. त्यांचा पीएचडीचा प्रबंध अवघा ४० पानांचा होता.

कॅल्शियमचा संबंध कसा?

कॅल्शियम म्हटले की आपल्याला हाडे आणि दूध आठवते. पेशीसाठी ते त्याहून वेगळे आहे, तो एक निरोप आहे. पेशीबाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट जास्त असते. हृदयाचा प्रत्येक ठोका पडताना ते क्षणभर आत वाढते आणि स्नायू आकुंचन पावतो.

इथे मायटोकाँड्रिया कामाला येतात. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन सायटोक्रोम सी पुढच्या टप्प्यावर पोहोचवते. या प्रवासातून आतल्या पडद्यावर विद्युतदाब तयार होतो. आतली बाजू ऋण, कॅल्शियम धन. त्यामुळे ते आत ओढले जाते. मायटोकाँड्रिया कॅल्शियम शोषतात हे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कळले, पण ते ज्या वाटेने शिरते ते प्रथिन ओळखायला २०११ उजाडले. थोडे कॅल्शियम आत गेले की ऊर्जा बनवणारी विकरे वेग घेतात. जिना चढताना हृदयाला जास्त ऊर्जा लागते, ती अशीही मिळते.

बिघडते ते अती झाल्यावर. रक्तपुरवठा तुटून पुन्हा सुरू झाला की मायटोकाँड्रियात कॅल्शियम कोंबले जाते, त्यात घातक ऑक्सिजन रेणूंची भर पडते. आतल्या पडद्याला भोक पडते, विद्युतदाब कोसळतो, मायटोकाँड्रिया फुगून फाटतात आणि सायटोक्रोम सी बाहेर सांडते. पक्षाघातातही मेंदूच्या पेशींत असेच घडू शकते. पार्किन्सन आणि अल्झायमरमध्येही हा तोल बिघडत असल्याच्या खुणा संशोधकांना दिसतात. बाहेर सांडलेले सायटोक्रोम सी पेशीला स्वतःला संपवण्याचा आदेश देते, हे १९९६ मध्ये अमेरिकेत शाओदाँग वांग यांच्या गटाने दाखवले. बटाट्यात श्वास चालवताना दिसलेले प्रथिन माणसाच्या पेशीचा शेवटही ठरवत होते.

परतल्यावर काय केले?

१९३९ मध्ये त्या भारतात परतल्या. दिल्लीचे लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेज, मग कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा. १९४७ मध्ये एम. व्ही. सोहोनी यांच्याशी विवाह झाला आणि त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत आल्या. तिथे त्यांनी विद्यार्थ्यांसह नीरेवर काम केले. पुण्यात उन्हाळ्यात आपण हौसेने पितो तीच नीरा. तिच्यात जीवनसत्त्वे आणि लोह असते आणि कुपोषित आदिवासी मुलांना, गरोदर स्त्रियांना तिचा फायदा होतो, हे त्यातून दिसले. या कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. संस्थेचे संचालकपद मात्र त्यांना बरेच उशिरा मिळाले.

निवृत्तीनंतर त्या मुंबईतील ग्राहक चळवळीत रमल्या, ‘कीमत’ या मासिकात लिहीत राहिल्या. १९९८ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार ठेवला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि त्यानंतर काही दिवसांतच त्यांचे निधन झाले. वांग यांच्या शोधाला तेव्हा दोन वर्षे झाली होती.