क्रीडाचार्य ॲमॉस अलोन्झो स्टॅग : शिखरावरून मैदानाकडे

अमेरिकेतील क्रीडाशिक्षणाची परंपरा ज्यांनी घडविली, त्यांत ॲमॉस अलोन्झो स्टॅग यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. सुमारे ७० वर्षे त्यांनी मैदानावर उभे राहून शिकविले. त्यांतील ४१ हंगाम शिकागोच्या नामांकित विद्यापीठात गेले आणि शेवटची वर्षे कॅलिफोर्नियातील एका साध्या ज्युनिअर कॉलेजात. व्यवहाराच्या मापाने मोजले, तर ही वाटचाल शिखरावरून पायथ्याकडे झालेली दिसते. स्टॅग यांना मात्र पायथ्याचे काम शिखराच्या कामाहून हलके वाटले नाही. पदाने शिक्षक मोठा होत नाही, शिकविण्याने होतो, हा त्यांच्या चरित्राचा गाभा आहे; आणि निवासी शाळेत घडणाऱ्या मुलामुलींनी तो समजून घ्यावा, एवढाच या परिचयाचा हेतू आहे.

स्टॅग यांचा जन्म १६ ऑगस्ट १८६२ रोजी न्यू जर्सी राज्यातील वेस्ट ऑरेंज या गावी झाला. वडील जोडे शिवण्याचा व्यवसाय करीत आणि जोडीला पडेल ती मजुरी करीत. घरात मुले पुष्कळ आणि मिळकत तुटपुंजी. जोडे शिवणाऱ्याचा मुलगा असे म्हणताच आपल्याकडील वाचकाच्या मनात जो इतिहास जागा होतो, तो तिकडे जसाच्या तसा लावता येणार नाही. न्यू जर्सीतील तो गोरा कारागीर दरिद्री होता, पण अस्पृश्य नव्हता. त्याच्या मुलाला वर्गाबाहेर बसावे लागले नाही की पाणवठ्यावर कोणी अडविले नाही. हा भेद ध्यानात ठेवूनच त्यांच्या दारिद्र्याकडे पाहिले पाहिजे. तरीही ते दारिद्र्य खरे होते. विद्यापीठाच्या प्रवेशाची तयारी करण्यासाठी ते एक्झिटर येथील फिलिप्स अकादमीत गेले, तेव्हा थंडीच्या दिवसांत शेकोटीची सोय नसलेल्या माळ्यावरील खोलीत राहून शिळा पाव, बिस्किटे आणि दूध यांवर त्यांनी दिवस काढले. पुढे १८८४ मध्ये येल विद्यापीठात दाखल झाल्यावरही काही काळ हीच ओढाताण चालू राहिली आणि अपुऱ्या अन्नाने त्यांची प्रकृती ढासळली. शरीराची हेळसांड करून विद्या मिळविता येत नाही, हा धडा त्यांनी स्वतःच्या देहावर गिरविला.

येलमध्ये त्यांचे नाव प्रथम गाजले ते बेसबॉलमध्ये. चेंडू फेकण्यात त्यांचा हात असा काही बसला, की व्यावसायिक संघांकडून भरघोस रकमेची बोलावणी येऊ लागली. ज्याच्या घरी उद्याच्या जेवणाची भ्रांत होती, त्या तरुणाने ती सर्व नाकारली. त्या काळी व्यावसायिक बेसबॉलची मैदाने दारूच्या गुत्त्यांशी जोडलेली असत, आणि जो खेळ मद्यविक्रीच्या आधाराने उभा आहे त्यात आपण उतरायचे नाही, असे त्यांनी ठरविले होते. मद्य आणि तंबाखू यांना ते आयुष्यभर शिवले नाहीत. ख्रिस्ती धर्मोपदेशक होण्याची त्यांची इच्छा होती. धर्मशास्त्राचा अभ्यासही त्यांनी आरंभिला. परंतु व्यासपीठावर उभे राहून बोलणे आपल्याला साधत नाही, हे त्यांच्या लक्षात आले. मग उपदेश व्यासपीठावरून न करता मैदानावरून करावा, असा निर्णय त्यांनी घेतला. पंचशीलातील पाचव्या शीलाचे पालन करणाऱ्या वाचकाला हा परधर्मीय तरुण परका वाटू नये.

येथे त्यांच्या खेळाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याहून अमेरिकन फुटबॉल वेगळा. त्यातील चेंडू लांबट असतो. अकरा-अकरा खेळाडूंचे दोन संघ तो हातात घेऊन, एकमेकांना रेटत, प्रतिपक्षाच्या हद्दीत नेण्याचा प्रयत्न करतात. पायाने चेंडू मारण्याचे प्रसंग मोजके, पण निर्णायक असतात. येलच्या संघातून खेळत असतानाच या खेळात स्टॅग यांनी नाव मिळविले आणि १८८९ मध्ये निवडलेल्या पहिल्या अखिल अमेरिकी संघात त्यांचा समावेश झाला.

१८९० मध्ये ते मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे वायएमसीएच्या प्रशिक्षण संस्थेत शिक्षक झाले. तेथे जेम्स नेस्मिथ त्यांचे सहकारी होते. हिवाळ्यात बंदिस्त जागेत खेळता येईल असा खेळ नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये शोधून काढला; तोच आजचा बास्केटबॉल. ११ मार्च १८९२ रोजी शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यात त्याचा पहिला जाहीर सामना झाला. विद्यार्थ्यांनी शिक्षकांना ५–१ असे हरविले, आणि शिक्षकांचा तो एकुलता गुण स्टॅग यांचा होता. आज आपल्या शाळाशाळांतून खेळला जाणारा हा खेळ पाळण्यात असताना त्यांनी पाहिला होता.

त्याच वर्षी शिकागो विद्यापीठ उघडले. येलमध्ये स्टॅग यांना शिकविणारे विल्यम रेनी हार्पर हे त्याचे पहिले अध्यक्ष. त्यांनी आपल्या या विद्यार्थ्याला शारीरिक शिक्षण विभागाचा प्रमुख नेमले आणि प्राध्यापकाचा दर्जा दिला. खेळाच्या प्रशिक्षकाला इतर अध्यापकांच्या पंक्तीत बसविणे ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. जॉन ड्यूई हे थोर तत्त्वज्ञ १८९४ ते १९०४ या काळात याच विद्यापीठात होते. पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब आंबेडकर त्यांचेच विद्यार्थी झाले. करण्यातून शिकणे हा ज्या ड्यूईंच्या विचाराचा कणा, त्यांच्याच विद्यापीठाच्या मैदानावर स्टॅग मुलांना करवून घेऊन शिकवीत होते.

पहिल्या हंगामात खेळाडू पुरेसे नव्हते, म्हणून प्रशिक्षक असूनही स्टॅग स्वतः मैदानात उतरले. पुढील चार दशकांत त्यांच्या संघांनी विद्यापीठांच्या विभागीय स्पर्धेत सात वेळा विजेतेपद मिळविले. १९०५ मध्ये मिशिगन विद्यापीठाचा संघ सलग ५६ सामने अपराजित राहून शिकागोत आला, आणि स्टॅग यांच्या संघाने त्याला २–० असे नमविले. परंतु त्यांचे खरे सामर्थ्य युक्ती शोधण्यात होते. येलमध्ये असतानाच त्यांनी पकडीच्या सरावासाठी बाहुला तयार केला. खेळाडूंनी घोळका करून पुढची चाल ठरविणे, पाठीवर क्रमांक घालणे, प्रतिपक्षाला चकविणाऱ्या हालचाली, अशा कितीतरी गोष्टींच्या उगमाशी त्यांचे नाव जोडले जाते. १९०५ च्या हंगामात मैदानावर अनेक तरुणांचे प्राण गेले. तेव्हा हा खेळ बंद करावा, अशी मागणी देशभर झाली. त्यानंतर १९०६ मध्ये नियम बदलले, चेंडू पुढे फेकण्यास मुभा मिळाली आणि रेटारेटीचा जोर थोडा ओसरला. हे नियम करणाऱ्या समितीत स्टॅग दीर्घकाळ होते.

त्यांच्या शिस्तीत शिवीगाळीला जागा नव्हती. हंगाम कसा गेला असे कोणी विचारले, तर ही मुले वीस वर्षांनी कशी माणसे होतात ते पाहून सांगेन, अशा आशयाचे उत्तर ते देत, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते.

चरित्र लिहिताना केवळ गौरव करणे हा त्या व्यक्तीचाही सन्मान नव्हे. स्टॅग यांच्या कीर्तीबरोबर शिकागोच्या मैदानावर प्रेक्षकांची गर्दी वाढली, तिकिटांचा पैसा वाढला आणि त्या पैशाचा मोह विद्यापीठालाही झाला. खेळाच्या धंद्याला विरोध करणाऱ्या माणसाच्या हातूनच खेळाचा एक मोठा डोलारा उभा राहिला. दुसरी गोष्ट आपल्या दृष्टीने अधिक गंभीर आहे. शिकागोत कृष्णवर्णीयांची वस्ती वाढत होती. हेन्री बिंगा डिस्मंड या कृष्णवर्णीय धावपटूने शिकागो विद्यापीठाकडून धावताना १९१६ मध्ये ४४० यार्डांच्या शर्यतीत जागतिक विक्रमाची बरोबरी केली, आणि पुढे तो वैद्यकीय व्यवसायात नावारूपाला आला. धावण्याच्या मार्गावर जे घडले, ते फुटबॉलच्या मैदानावर घडले नाही. तेथे कृष्णवर्णीय मुलांना जवळजवळ प्रवेशच नव्हता. स्वतः दारिद्र्यातून वर आलेल्या माणसाच्या नजरेतूनही वंशभेदाचा दरवाजा सुटून जाऊ शकतो. गरिबी सोसल्याने विषमतेची जाण आपोआप येत नाही, ती जाणीवपूर्वक कमवावी लागते, हे या चरित्रातील मौन आपल्याला शिकविते.

१९३२ च्या हंगामानंतर विद्यापीठाने वयाचा नियम पुढे करून त्यांना प्रशिक्षकपदावरून निवृत्त केले. वय ७० झाले होते. मानाचे दुसरे काम देऊ केले असता त्यांनी ते नाकारले. बसून पगार घेण्यापेक्षा मुलांना शिकविण्यात त्यांना अर्थ वाटत होता. १९३३ मध्ये ते पत्नी स्टेला यांच्यासह कॅलिफोर्नियातील स्टॉकटन येथे गेले आणि कॉलेज ऑफ द पॅसिफिक या छोट्या महाविद्यालयाचा संघ घडवू लागले. स्टेलाबाई सामन्यांच्या नोंदी ठेवीत, प्रतिपक्षाच्या खेळाची टिपणे काढीत, खेळाडूंचे फाटलेले पोशाख शिवून देत. १९४३ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी, अमेरिकेतील प्रशिक्षकांच्या संघटनेने स्टॅग यांना त्या वर्षीचे सर्वोत्तम प्रशिक्षक म्हणून गौरविले.

याच सुमारास शिकागोत एक विलक्षण गोष्ट घडली. विद्यापीठाने १९३९ मध्ये फुटबॉलचा संघ मोडला होता आणि स्टॅग यांच्या नावाचे मैदान ओस पडले होते. त्याच मैदानाच्या प्रेक्षागाराखाली एन्रिको फर्मी यांनी २ डिसेंबर १९४२ रोजी अणूची पहिली नियंत्रित साखळी प्रक्रिया घडविली. माणसे घडविण्यासाठी राखलेल्या जागेतून हिरोशिमाकडे जाणारी वाट निघाली. बुद्धाच्या करुणेचे नाव घेणाऱ्यांनी त्या मैदानाच्या या दोन्ही आठवणी एकत्र जपाव्यात.

१९४७ ते १९५२ या काळात पेनसिल्व्हेनियातील सस्क्वेहॅना विद्यापीठात त्यांनी आपल्या मुलाच्या जोडीने काम केले. नंतर स्टेलाबाईंची प्रकृती बिघडल्याने ते स्टॉकटनला परतले आणि १९५३ पासून तेथील स्टॉकटन कॉलेजात सल्लागार प्रशिक्षक झाले. महाराष्ट्रात ज्युनिअर कॉलेज म्हटले की अकरावी-बारावी आठवते. अमेरिकेत मात्र शालान्त शिक्षणानंतरच्या दोन वर्षांच्या महाविद्यालयाला हे नाव होते. विद्यापीठाचा खर्च न झेपणारी, नोकरी करून शिकणारी किंवा पहिल्या प्रयत्नात मागे राहिलेली मुले तेथे येत. ज्यांच्या नावाने मैदाने ओळखली जात होती, ज्यांच्या खात्यावर ३१४ विजय होते आणि फुटबॉल व बास्केटबॉल अशा दोन्ही खेळांच्या कीर्तिमंदिरांत ज्यांना स्थान मिळाले, ते स्टॅग नव्वदी ओलांडल्यावर त्या मुलांना चेंडूला पाय कसा लावावा हे दाखवीत होते. संघाचे नेतृत्व दुसऱ्याकडे होते. त्यांच्या वाट्याला आलेले काम लहान होते, आणि ते त्यांनी लहान मानले नाही. १९६० मध्ये, वयाच्या ९८ व्या वर्षी, त्यांनी मैदानाचा निरोप घेतला. १९६४ मध्ये स्टेलाबाई गेल्या. जवळजवळ ७० वर्षांचा संसार संपला. १७ मार्च १९६५ रोजी, वयाच्या १०२ व्या वर्षी, स्टॅग यांचे स्टॉकटन येथेच निधन झाले.

अष्टांगिक मार्गात सम्यक् व्यायाम नावाचे एक अंग आहे. मराठीत व्यायाम म्हणजे शरीराची मेहनत. धम्मात त्याचा अर्थ आहे योग्य दिशेने केलेला अखंड प्रयत्न. अकुशल अजून उपजले नसेल तर उपजू न देणे, उपजले असेल तर दूर करणे, कुशल नसेल तर निर्माण करणे आणि असेल तर वाढविणे, अशी त्याची चार रूपे सांगितली आहेत. स्टॅग ख्रिस्ती होते आणि हा शब्द त्यांनी बहुधा ऐकलाही नसेल. पण मराठीतील व्यायाम आणि धम्मातील व्यायाम या दोन अर्थांना जोडणारा पूल त्यांच्या आयुष्यात दिसतो. जेथे ते थिटे पडले, तेथे आपण पुढे जायचे आहे : आपल्या मैदानावर कोणाला प्रवेश नाही, हे रोज तपासायचे आहे. आणि जेथे ते उंच ठरले, तेथे त्यांच्याकडून शिकायचे आहे. या शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींपैकी कोणी मोठ्या पदावर जाईल, कोणी एखाद्या खेड्यातील शाळेत खेळाचे शिक्षक होईल. त्या दोघांच्या कामाची उंची पदाने ठरणार नाही. वीस वर्षांनी त्यांच्या हाताखालून गेलेली माणसे कशी निघाली, यावरून ती ठरेल.